समस्या निवारण: गिटार बनवताना एक चूक सुधारायला जावं आणि दुसरीच होते

पहिली किंवा दुसरी गिटार बनवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. फ्रेटची (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीची) एक खाच चुकीच्या जागी कापली गेली, ती लगेच बुजवली, गोंद ओला असतानाच शेजारी नवी कापायला घेतली, करवत जुन्या खाचेत घसरली आणि सगळा फ्रेटबोर्ड (मानेवरची, फ्रेट बसवायची पट्टी) वाया गेला. किंवा बाजूची पट्टी कमरेच्या बाकात तडकली, तडा मिटवायला आणखी जोर लावला आणि पट्टी दुभंगली. किंवा वरच्या फळीच्या सांध्यात केसाएवढी फट दिसली, क्लॅम्प पिळून ती मिटवली आणि हवा कोरडी झाल्यावर ती पुन्हा उघडली.

या सगळ्यांत पहिली चूक लहान होती, अर्ध्या-एक मिलिमीटरची. मोठं नुकसान झालं ते पुढच्या दहा मिनिटांत. तेव्हा लाकूड ओलं किंवा गरम असतं, गोंद अर्धवट धरलेला असतो आणि चूक का झाली हे अजून कुणी पाहिलेलं नसतं. कारण न कळता केलेली दुरुस्ती त्याच कारणाने पुन्हा फसते. गिटारच्या कामात धीर म्हणजे नुसतं शांत राहणं नव्हे. कुठल्या टप्प्यावर किती वेळ थांबायचं हे काम सुरू होण्याआधी ठरवून ठेवणं, हा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

चूक झाल्यावर पहिली पाच मिनिटं

हत्यार खाली ठेवा. लगेच हालचाल करायची ती फक्त गोंद ओला असेल तेव्हा. नेहमीचा पिवळा लाकूडगोंद लावल्यावर भाग जुळवायला साधारण पाच ते दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात भाग सरकल्याचं दिसलं तर क्लॅम्प सोडा, सांधा उघडा, दोन्ही पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि नंतर पुन्हा चिकटवा. ती वेळ उलटून गेली असेल तर हात लावू नका. अर्धवट धरलेला सांधा ओढला की गोंद सुटण्याऐवजी लाकडाचे तंतू उचकटतात आणि मग जुळवायला सरळ पृष्ठभागच उरत नाही. सांधा चोवीस तास वाळू द्या. वाळलेला सांधा उष्णतेने नीट सोडवता येतो, अर्धवट धरलेला येत नाही.

थांबलेल्या वेळात तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. या जागी तारांचा ताण येतो का? या जागेवर स्वराची अचूकता अवलंबून आहे का? की ही चूक फक्त डोळ्याला दिसते? मानेचा सांधा, ब्रिज (वरच्या फळीवरचा, तारा अडकवायचा तुकडा), ब्रेसिंग (फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या), वरच्या फळीचा मधला सांधा या ताणाच्या जागा आहेत. फ्रेटच्या खाचा, नट (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) या स्वराच्या जागा. इथे तडजोड नको, दुरुस्ती पूर्ण करा किंवा तो भाग नवा बनवा. रोझेटभोवतीची (ध्वनिछिद्राभोवतीच्या नक्षीच्या कड्याभोवतीची) फट, बाइंडिंगची (पेटीच्या कडेच्या पट्टीची) एखादी उघडी कड, पाठीवरचा ओरखडा हे डोळ्याचे प्रश्न आहेत. ते शेवटी निस्तरता येतात आणि बऱ्याचदा तसेच सोडले तरी चालतात.

नवशिके नेमकं उलट करतात. रोझेटच्या फटीवर दोन दिवस घालवतात आणि मानेचा कोन चुकलाय हे माहीत असून पुढे जातात. पाठ आणि बाजू यांबद्दल तर वाजवीपेक्षा जास्त धास्ती असते. आंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदी पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बनवली होती. आवाजाचं मोठं काम वरची फळी करते हे दाखवणारा तो प्रयोग होता. तेव्हा बाजूला आतून पट्टी लावून सांधलेली चीर असली म्हणून गिटार टाकून देण्याचं कारण नाही.

फ्रेटच्या खाचा: चूक साठत जाते

सर्वाधिक वारंवार येणारी तक्रार ही: "मोजमाप बरोबर होतं, तरी वरचे स्वर बेसूर लागतात." मोजमाप बहुधा एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंत केलेलं असतं. प्रत्येक वेळी ०.२ मिमी चूक एकाच दिशेने झाली तर विसाव्या फ्रेटपर्यंत ती ४ मिमी होते. म्हणून प्रत्येक खाच नटाच्या कडेपासून मोजायची, एकच पोलादी पट्टी वापरून आणि ती पट्टी मध्ये न उचलता.

हिशेब असा: उरलेल्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. स्केल (नटापासून सॅडलपर्यंत धरलेली तारेची लांबी) ६४८ मिमी असेल तर नटापासून पहिला फ्रेट ३६.३७, दुसरा ७०.७०, पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१ आणि बारावा बरोबर ३२४ मिमीवर येतो. बारावा स्केलच्या निम्म्यावर आला नाही तर पुढे काही कापू नका, हिशेब चुकलाय. १७.८१७ ऐवजी सोयीसाठी १८ ने भागलं तर बारावा फ्रेट ३२१.६४ वर येतो, म्हणजे २ मिमीपेक्षा जास्त नटाकडे. हिशेब करताना मधल्या आकड्यांची दशांश स्थळं कापू नका, फक्त शेवटचं उत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत घ्या.

खूण पेन्सिलीने नको. पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाड होते. धारदार सुरीने, गुण्या लावून खूण करा म्हणजे करवतीचं पातं त्या चिरेत बसतं. एखादी खाच ०.२ मिमी इकडेतिकडे झाली तर कानाला कळणार नाही, ती सोडून द्या. बाराव्या फ्रेटजवळ अर्धा मिमी चूक म्हणजे सुमारे अडीच ते तीन सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). विसाव्या फ्रेटवर तीच चूक चार सेंटच्या पुढे जाते. अर्ध्या मिमीच्या वरचं काहीही दुरुस्त करा.

दुरुस्ती करताना भुसा आणि सुपरग्लू यांचं मिश्रण पुरत नाही, कारण नवी खाच जुनीला अगदी लागून असते आणि पातं भरावाच्या कडेवरून घसरतं. त्याच लाकडाची, खाचेत किंचित घट्ट बसेल अशी पातळ पट्टी कापा, तंतूंची दिशा फ्रेटबोर्डच्या तंतूंना जुळवा, लाकूडगोंदाने बसवा, चोवीस तास ठेवा, सपाट करा आणि मगच पुन्हा खूण करा. नवी खाच कापताना करवतीला सरळ लाकडी ठोकळ्याचा आधार क्लॅम्पने बांधा. फ्रेटबोर्ड अजून मानेला चिकटवला नसेल आणि दोनपेक्षा जास्त खाचा चुकल्या असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवी पट्टी घ्या. खाचा कापण्याचं काम फ्रेटबोर्ड मोकळा असताना करावं ते याचसाठी.

फ्रेट ठोकल्यावर त्याची टोकं वर उचलली जात असतील तर आधी खाच तपासा. साधारण ०.६ मिमी रुंद, आणि खोली फ्रेटच्या जिभेपेक्षा (खाचेत जाणाऱ्या भागापेक्षा) अर्धा मिमी जास्त. खाचेत वाळलेला गोंद किंवा भुसा अडकलेला असणं हे सगळ्यात साधं कारण आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. उलट सगळ्या खाचा फार घट्ट असतील तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा काम करतो आणि मान मागे वाकते. अशा वेळी ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी, तिच्या आतली धातूची दांडी) पिळून काही होत नाही. फ्रेट काढून खाचा जरा मोकळ्या कराव्या लागतात.

फ्रेटबोर्ड चिकटवताना सरकतो

गोंद लावला की पृष्ठभाग निसरडा होतो, त्यामुळे क्लॅम्पचा दाब जरा तिरका पडला तरी फ्रेटबोर्ड बाजूला जातो. उपाय गोंद लावण्याआधीचा आहे. कोरडा फ्रेटबोर्ड मानेवर बरोबर बसवा, पहिल्या आणि बाराव्या खाचेत १ मिमीची भोकं मानेत उतरतील अशी पाडा आणि त्यांत बारीक खिळे बसवा. गोंद लावून क्लॅम्प घट्ट केल्यावर, अर्ध्या तासाने खिळे काढून घ्या. वर फ्रेट बसला की भोकं दिसत नाहीत. ट्रस रॉडची खोबण आणि या भोकांची जागा एकमेकांवर येत नाही ना, हे आधी पाहा.

मान या टप्प्याला अंतिम रुंदीची करू नका. दोन्ही बाजूंना १ ते २ मिमी लाकूड जास्त ठेवा आणि फ्रेटबोर्डच्या कडेनुसार नंतर तासा. मग अर्धा-एक मिमी सरकला तरी काही बिघडत नाही. चूक मावेल एवढं लाकूड आधीच राखून ठेवणं हा बहुतेक टप्प्यांवर चालणारा उपाय आहे.

पाणी असलेल्या गोंदाने मान आणि फ्रेटबोर्ड दोन्ही थोडे फुगतात आणि पुढचे काही दिवस हलत राहतात. क्लॅम्प काढल्या काढल्या सरळपट्टी लावून "वाकली" म्हणत रंधा मारला, तर आठवड्याने ती उलट्या बाजूला वाकलेली सापडते. आठवडाभर थांबा, मग सपाट करा.

बाजूची पट्टी वाकवताना तडा

लाकूड वाकतं ते उष्णतेने. पाणी उष्णता आत पोचवतं आणि पृष्ठभाग जळू देत नाही, एवढंच. त्यामुळे तासन् तास भिजवलेली पट्टी, वाकवायची धातूची नळी कोमट असताना तिच्यावर जोराने वाकवली तर ती तडकणारच. नळी १५० ते १८० अंश सेल्सियसच्या आसपास हवी, पाण्याचा थेंब टाकताच उडून जाईल इतकी. जाडी २ ते २.३ मिमी, आणि सगळीकडे सारखी. कॅलिपरने दर १० सेंमीवर मोजा. एक जागा ०.२ मिमी पातळ राहिली तर सगळा बाक तिथेच गोळा होतो आणि तडाही तिथेच जातो. हाताला लाकूड ढिलं पडल्याचं जाणवेपर्यंत ढकलू नका. ते ढिलं पडतं तेव्हा ओळखू येतं, पण त्यासाठी टाकाऊ तुकड्यांवर आधी सराव हवा.

बाहेरचे तंतू उचकटायला लागले तर तिथे लगेच सुपरग्लू टाकू नका. सुपरग्लू लावलेली जागा पुन्हा गरम केली की डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देणाऱ्या वाफा निघतात, आणि पिवळा गोंद उष्णतेने मऊ पडतो. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला पातळ पोलादी पत्र्याची पट्टी धरून तंतूंना आधार द्या, बाक पूर्ण करा, साच्यात घट्ट बसवा आणि एक दिवस वाळू द्या. मग गोंद तड्यात बोटाने चोळून आत जाऊ द्या आणि क्लॅम्प करा. आतून १ ते १.५ मिमी जाडीची छोटी पट्टी, तंतू आडवे ठेवून, चिकटवा. आरपार तुटलेली पट्टी मात्र बदलायची.

साच्यातून काढल्यावर बाक थोडा उघडतो हे नेहमीचंच आहे. तो दाबून बसवण्याऐवजी पुन्हा नळीवर जरा वाकवा, साच्यात ठेवा, आणि पट्टी साच्यात जोर न लावता बसेल तेव्हाच पुढे जा. जोर लावून बसवलेल्या बाजू पेटीचा आकार वेडावाकडा करतात आणि ते कळतं फार उशिरा, मान बसवताना.

वरची फळी: फट आणि हवेतला दमटपणा

दोन फळ्या जोडण्याआधी त्या एकत्र धरून दिव्यासमोर उभ्या करा. सांध्यातून उजेड दिसला तर गोंद लावायचा नाही. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून एकत्र रंधल्या तर रंध्याचा कोन थोडा चुकला तरी दोन्हींच्या चुका एकमेकांना जुळतात. दाबाने फट मिटवलेला सांधा आतून ताणलेला राहतो. असा सांधा झालाच असेल तर ब्रेसिंग लावण्याआधी सांध्यावरच फळी कापून दोन करा, दोन्ही कडा अर्धा-अर्धा मिमी रंधून पुन्हा जोडा. साच्याचा आराखडा ठेवून रुंदी पुरते का ते आधी बघा.

ब्रेसच्या पट्ट्या चिकटवण्याचं काम हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के असतानाच करा. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आक्रसतं, उभ्या दिशेने जवळजवळ नाहीच. फळीवर आडव्या गेलेल्या ब्रेस तिला आक्रसू देत नाहीत, त्यामुळे दमट हवेत चिकटवलेली फळी कोरड्या हवेत खचते किंवा चिरते. आर्द्रतामापक टेबलावर हवाच. आकडा ६५ दाखवत असेल त्या दिवशी मान कोरा, फ्रेटच्या खाचा आखा, हत्यारांना धार लावा. अशा दिवसासाठी दुसरं काम हाताशी नसलं की माणूस ब्रेसिंगलाच हात घालतो, म्हणून ती यादी आधीच लिहून ठेवलेली बरी.

मानेचा कोन

ही चूक लपत नाही. मान कोरडीच बसवा आणि लांब सरळपट्टी फ्रेटांवरून ब्रिजच्या जागेपर्यंत न्या. पट्टी ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकायला हवी. ती खाली ब्रिजच्या अंगावर आदळत असेल तर मान पुढे झुकलेली आहे. तारा उंच राहतील आणि सॅडल कितीही घासलं तरी पुरणार नाही.

किती लाकूड काढायचं याचा हिशेब सोपा आहे, आणि तो न करता कानस चालवणं हेच या टप्प्यावर काम बिघडण्याचं मुख्य कारण. ६४८ स्केलला चौदाव्या फ्रेटवर मान पेटीला मिळत असेल, तर तिथून सॅडलपर्यंत २८९ मिमी उरतात. मानेची टाच (पेटीला टेकणारा मानेचा जाड भाग) ९० मिमी उंच धरली तर ब्रिजजवळ ३ मिमीचा फरक पाडायला टाचेच्या तळाशी फक्त ०.९ मिमी काढायचं आहे, फ्रेटबोर्डच्या बाजूला शून्य. हे काम पटाशीने नको. १२० नंबरच्या पॉलिशपेपरची पट्टी टाच आणि पेटी यांच्यामध्ये धरा, मान हलकी दाबा आणि पट्टी ओढून काढा. डाव्या-उजव्या अंगाला सारख्याच वेळा ओढा, नाहीतर मान मध्यरेषेवरून फिरते. दर पाच ओढींनंतर सरळपट्टी लावून कोन आणि दोरा लावून मध्यरेषा, दोन्ही तपासा. पहिल्या गिटारला बोल्टने बसणारी मान घ्यावी असा आग्रह यासाठीच, कारण ती पुन्हा पुन्हा काढून तपासता येते.

ब्रिज, नट आणि पॉलिश

ब्रिज उचलला जातो याचं नेहमीचं कारण म्हणजे त्याच्याखाली राहिलेलं पॉलिश. स्टीलच्या हलक्या तारांचा संचसुद्धा मिळून सुमारे ७० किलोग्रॅमचा ताण देतो. ब्रिजच्या ठशाएवढी जागा कोऱ्या लाकडापर्यंत खरवडा. रोझवुड किंवा एबनीचा पृष्ठभाग तेलकट असतो, तो गोंद लावण्याच्या जरा आधीच खरवडून ताजा करा, आदल्या दिवशी नाही. तारा चोवीस तासांच्या आत चढवू नका. सॅडलची खाच २-३ मिमी चुकली असेल तर ब्रिज उखडायची गरज नाही. खाच त्याच लाकडाने भरा आणि नवी कापा. स्टीलच्या तारांसाठी सॅडल स्केलपेक्षा बारीक तारेकडे साधारण २ मिमी आणि जाड तारेकडे ४ ते ५ मिमी मागे लागतं, हे धरूनच आखणी करा.

नटाची खाच खोल गेली आणि मोकळी तार झणझणू लागली, तर खाचेत हाडाची पूड आणि सुपरग्लूचा थेंब भरून ती पुन्हा कापता येते. मुळात खाच शेवटपर्यंत नेण्याचं काम तारा सुरात असतानाच करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागद जाईल इतकी फट दिसली की कानस ठेवून द्या.

पॉलिशखाली पिवळे ठिपके उमटतात ते राहिलेल्या गोंदाचे. पॉलिशआधी सगळी पेटी नॅप्थाने (पटकन उडून जाणाऱ्या द्रावकाने) पुसून आडव्या उजेडात पाहा. गोंदाची जागा फिकट दिसते, तिथेच खरवडा. लॅकर घासताना लाकूड उघडं पडलं तर त्या जागी पातळ थर देऊन वाळू द्या आणि त्या दिवशी पुन्हा घासू नका. लॅकरचा नवा थर जुन्यात विरघळतो, पॉलियुरेथेनचा विरघळत नाही. म्हणून पॉलियुरेथेनवर ठिगळाची कड दिसत राहते आणि पूर्ण भाग पुन्हा करावा लागतो. लॅकर कित्येक आठवडे आक्रसत राहतं. शेवटची चमक द्यायची घाई केली की नंतर तंतूंच्या रेघा वर उमटतात.

त्याच टप्प्यावर पुन्हा पुन्हा चुकत असेल तर

परत न फिरवता येणारी कामं वेगळी काढा: फ्रेटच्या खाचा, ट्रस रॉडची खोबण, रोझेट आणि ध्वनिछिद्र, बाइंडिंगची खोबण, ब्रिजच्या पिनांची भोकं. एका बैठकीत यातलं एकच, आणि ते बैठकीच्या सुरुवातीला. राउटरची (खोबण कोरणाऱ्या यंत्राची) खोली टाकाऊ तुकड्यावर मोजल्याशिवाय खऱ्या लाकडाला लावायची नाही. गोंदाचं प्रत्येक काम आधी कोरडं करून पाहा, सगळे क्लॅम्प लावून आणि घड्याळ लावून. कोरड्या फेरीला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली तर ओल्या फेरीला वेळ अपुरा पडणार. मग ब्रेस एका वेळी दोनच चिकटवा.

वहीत प्रत्येक चुकीपुढे चार गोष्टी लिहा: टप्पा, किती मिमी, हत्यार, त्या वेळची आर्द्रता. तीच जागा दुसऱ्यांदा आली तर दोष बहुधा हत्यारात किंवा जिगमध्ये (काम धरून ठेवणाऱ्या साच्यात) असतो. गुण्या काटकोनात आहे का, रंध्याचा तळ सपाट आहे का, राउटरचं पातं घट्ट आहे का, हे तपासून पुढे जा.

तारा चढवल्यावरही काही गोष्टी लगेच करायच्या नसतात. पहिले दोन-तीन दिवस मान आणि वरची फळी ताणाखाली स्थिरावतात. रोज फक्त सुरात लावा आणि बाराव्या फ्रेटवरची तारेची उंची लिहून ठेवा. आकडा हलायचा थांबला की ट्रस रॉड पाव फेऱ्याच्या टप्प्याने फिरवून सातव्या फ्रेटजवळ ०.१ ते ०.२५ मिमी बाक आणा. त्यानंतर सॅडल. बाराव्या फ्रेटवर तार १ मिमी खाली हवी असेल तर सॅडल २ मिमी कमी करावं लागतं. आधी दीडच मिमी घासा, तारा चढवा, पुन्हा मोजा आणि मग उरलेला अर्धा.